जुन्या किचनची कपाटं रंगवायची की बदलायची? आधी सिंकखालचं दार उघडा

किचनची कपाटं जुनी दिसायला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला रंग मारून मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्याला शोरूमच्या चकरा सुरू करायच्या असतात. दोघंही बघत असतात ते दारांकडे. पण दारं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि स्वस्तात सुटणारा भाग. खरा प्रश्न असतो दारांमागच्या सांगाड्याचा. सुतार त्याला 'बॉक्स' म्हणतात, मॉड्युलरवाले 'कारकस'. तो धड असेल तर दारांचं काहीही करता येतं. तो पोचट झाला असेल तर त्यावर मारलेला रंग सहा महिन्यांत वाया जातो.

शिवाय 'रंग की नवीन' असा सरळ सामना बहुतेक घरांत नसतोच. जुन्या सांगाड्यावर फक्त नवी दारं बसवता येतात. एखादाच खराब बॉक्स बदलून बाकीचे ठेवता येतात. आणि माझं ठाम मत असं, की वरची कपाटं आणि ओट्याखालची कपाटं यांचा निर्णय एकत्र घेऊच नये. वरच्यांचा शत्रू तेलकट वाफ, खालच्यांचा शत्रू पाणी. पंधरा वर्षं वापरलेल्या किचनमध्ये वरचे बॉक्स ठणठणीत आणि सिंकखालचा तळ बोटाने दाबला तरी आत जातोय, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. तिथे सगळं रंगवणंही चूक आणि सगळं उपसून टाकणंही चूक.

आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

महाराष्ट्रातल्या जुन्या फ्लॅट्समध्ये ओट्याखाली बऱ्याचदा लाकडी बॉक्स नसतातच. कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ओटा टेकवलेला असतो, मधल्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे दारं. दारांच्या बिजागऱ्या धरायला कडाप्प्याच्या कडेला लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकलेली असते. असं किचन असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण कडाप्पा ना फुगतो, ना वाळवी खाते. बदलायची वेळ येते ती चौकटीची, दारांची आणि ट्रॉल्या ज्यावर सरकतात त्या चॅनेलची. अशा घरात 'पूर्ण मॉड्युलर करून टाकू' म्हणत कडाप्पा फोडून तिथे पार्टिकल बोर्डाचे बॉक्स बसवणारे लोक मी बघितलेत. चांगल्याच्या जागी कच्चं बसवायचा हा प्रकार आहे.

लाकडी बॉक्स असतील तर ते कशाचे आहेत हे कळायला हवं. वर सनमायका असल्यामुळे बाहेरून अंदाज येत नाही. सोपी युक्ती अशी: एका दाराची बिजागरी स्क्रू काढून सोडवा. दाराच्या आतल्या बाजूला तिच्या वाटीसाठी ३५ मिमी व्यासाचं गोल भोक पाडलेलं असतं. त्या भोकात टॉर्च मारा. तिथे सनमायका नसतो, त्यामुळे दार कशाचं आहे ते उघडं दिसतं. एकावर एक थर दिसले तर प्लायवुड. लाकडाच्या जाड पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या तर ब्लॉकबोर्ड. भुश्याचे, चुऱ्याचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, घट्ट पुठ्ठ्यासारखा गाभा दिसला तर एमडीएफ किंवा त्याच कुळातला, पण जास्त घट्ट आणि ओल सोसणारा एचडीएचएमआर. हे झालं दाराचं. बॉक्सचा माल वेगळा असू शकतो, म्हणून त्याच्या मागच्या किंवा तळाच्या उघड्या कडाही बघून घ्या.

याचा उपयोग पुढे होतो. प्लायवुड ओलं होऊन वाळलं तर निदान दुरुस्तीचा विचार करता येतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ एकदा पाण्याने फुगला की पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. तो घासून सपाट केला तरी आतली पकड गेलेली असते.

जुन्या बंगल्यात किंवा वाड्यात सागवानी दारं असतील तर हा लेख इथेच थांबवून ती दारं जपा. सागाला नव्याने पॉलिश करणारा चांगला माणूस शोधणं एवढंच काम उरतं.

तपासणी: अर्धा तास, एक स्क्रूड्रायव्हर, एक टेप

सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा. कचऱ्याचा डबा, बटाट्याची टोपली, फिनाइलच्या बाटल्या, सगळं बाहेर. आता तळाच्या फळीचे चारही कोपरे अंगठ्याने दाबा. मग बाजूच्या फळ्यांचा खालचा चार इंचाचा भाग. फरशी पुसताना, धुताना पाणी लागतं ते तिथेच. कुठे मऊ लागलं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून हलका जोर द्या. चांगल्या प्लायमध्ये टोक रुतत नाही. कुजलेल्यात ते लोण्यात शिरावं तसं जातं.

मग वाळवी. मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, विशेषतः भिंतीला टेकणाऱ्या मागच्या कोपऱ्यांत, ते बघा. बॉक्सच्या बाजूंवर बोटाने टकटक करा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. टाल्कमसारखी बारीक पूड पडत असेल तर तो भुंगा, वाळवी नव्हे. दोन्हींवर आधी पेस्ट कंट्रोल, मग पुढचं बोलणं.

तिसरी परीक्षा स्क्रूंची. प्रत्येक बिजागरीचा स्क्रू घट्ट करून बघा. तो नुसताच गोल फिरत असेल तर भोक मोठं झालंय. प्लायमध्ये यावर उपाय आहे: भोकात फेविकॉल लावून लाकडाची काडी ठोकायची, वाळल्यावर कापायची आणि नवीन स्क्रू मारायचा, किंवा बिजागरी इंचभर वरखाली सरकवायची. पार्टिकल बोर्डात हा उपाय फार काळ टिकत नाही. एकदोन ठिकाणी असेल तर चालवून घ्या. दहापैकी सहा बिजागऱ्या अशा निघाल्या तर बोर्डाने हात टेकले असं समजा.

चौथी, बॉक्स वाकडा झालाय का. दार उघडून बॉक्सच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे असायला हवेत. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर बॉक्स कलला आहे आणि त्यावर नवं दारही कधी नीट बसणार नाही.

वरच्या कपाटांसाठी एक वेगळी गोष्ट बघायची असते, आणि ती सुरक्षेची आहे. स्टुलावर चढून कपाटाची वरची कड आणि भिंत यांच्यात फट पडली आहे का ते बघा. डाळींचे भरलेले डबे, काचेची भांडी, मिक्सर असं सगळं वजन चार-सहा स्क्रूंवर लटकत असतं. फट वाढत असेल तर रंगाचा विचार नंतर. आधी कपाट रिकामं करून नवीन फास्टनरने भिंतीला पक्कं करून घ्या.

आणि हो, ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका. सिंकखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून दोन दिवस ठेवा. कागदावर डाग कुठे पडतो त्यावरून कळतं: मधोमध असेल तर सिंकच्या जाळीखालचं कपलिंग किंवा बॉटल ट्रॅप, मागे असेल तर नळाचा जोड, पुढच्या कडेला असेल तर ग्रॅनाइट आणि सिंकमधला सिलिकॉन सुटलेला. कागद कोरडा राहिला आणि तरीही मागची फळी ओलसर, काळपट असेल तर भिंतीपलीकडे बाथरूम आहे का ते बघा. अशा भिंतीवर नवीन किचन बसवलं तरी तीन पावसाळ्यांत तेच होणार. आधी प्लंबर, मग सुतार. हा क्रम उलटला की खर्च दुप्पट.

किचनची मांडणी जमते आहे का?

सांगाडा कितीही चांगला असो, मांडणीच गैरसोयीची असेल तर रंगाने काहीच बदलत नाही. ओट्याची उंची तुम्हाला जमते का, हे आधी विचारा. जुने ओटे बरेच बुटके असतात आणि घरात रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती उंच असेल तर पाठ धरते. ओटा उंच करायचा म्हणजे खालचं सगळं निघालं.

डिशवॉशर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांच्यासाठी जागा आणि प्लग पॉइंट हवे असतील तर ते काम टाइल्स फोडून वायरिंग करण्याचं आहे. ते डोक्यात असेल तर आता रंगावर खर्च करू नका.

पाइपचा गॅस आलेल्या घरांत सिलिंडरचा खण रिकामा पडलेला असतो. तिथे ट्रॉली बसवून घ्यायला हरकत नाही. फक्त गॅसची पाइप सुताराला हलवू देऊ नका, ते काम गॅस कंपनीच्या माणसाचं. एक लक्षात ठेवा: सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर जातो. त्यामुळे तिथे वरच्या बाजूला हवा खेळायला हवी. नवी दारं करताना जाळीचं दार काढून सपाट दार बसवायची हौस बऱ्याच जणांना येते. सिलिंडर असेल तर ती हौस टाळा.

आता ठरवा

मी ठरवताना असं बघतो. सांगाडा पक्का, दारं पक्की, दार लाकडाचं, प्लायचं किंवा आधीच रंगवलेल्या एमडीएफचं, आणि तक्रार फक्त दिसण्याची असेल तर रंगवा. सांगाडा पक्का पण दारांच्या कडा फुगल्यात, सनमायका सुटलाय, किंवा सनमायका चांगला आहे पण डोळ्यांना नकोसा झालाय, तर दारं बदला. एक-दोन बॉक्सच खराब असतील, आणि ते बहुधा सिंकखालचे असतात, तर तेवढेच बॉक्स नवीन करा आणि दारं सगळी एकदम बदला म्हणजे रंग जुळतो. निम्म्याहून जास्त बॉक्स नापास, वाळवी पसरलेली, किंवा मांडणीच बदलायची असेल तर पूर्ण नवीन करा.

भाड्याच्या घरात मात्र यातलं काहीच नको. दारांवर चिकटवायची विनाइलची फिल्म मिळते, ती गॅसपासून लांबच्या दारांना लावा आणि हँडल बदला. बस.

पैशांची तुलना करताना एक गफलत नेहमी होते. समजा सरळ दहा फुटांचा ओटा आहे. खालची दारं साधारण सव्वादोन फूट उंच, म्हणजे साडेबावीस चौरस फूट. वरची दोन फूट उंच, म्हणजे वीस. एकूण साडेबेचाळीस चौरस फूट. नवीन दारांचा दर सुतार सहसा दाराच्या एका बाजूच्या क्षेत्रफळावर सांगतो. स्प्रे पेंटवाला दोन्ही बाजू रंगवणार असेल तर दोन्ही मोजतो, म्हणजे तुमचे पंच्याऐंशी चौरस फूट झाले. मॉड्युलरवाला तिसऱ्याच मापात, रनिंग फुटात, म्हणजे ओट्याच्या लांबीवर बोलतो. तिघांचे दर कागदावर शेजारी मांडून 'रंग किती स्वस्त!' म्हणू नका. प्रत्येकाकडून एकूण रक्कम घ्या आणि त्यात काढणं, बसवणं, बिजागऱ्या, हँडल, चॅनेल धरलेत का ते लिहून घ्या. रंगाचा एकूण खर्च नवीन दारांच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी दारंच बदलतो. नव्या दाराला नवी कड, नवी बिजागरी मिळते. रंगवलेलं दार आतून जुनंच राहतं.

सनमायकावर रंग मारायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली बहुतेक कपाटं सनमायकाचीच आहेत. उत्तर: मारता येतो, पण ओट्याखाली मारू नका. सनमायकाचा पृष्ठभाग इतका कडक आणि गुळगुळीत असतो की रंगाला धरायला काही मिळत नाही. १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण घालवायची, आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा खास प्रायमर लावायचा, तरच रंग टिकतो. साधा वुड प्रायमर चालत नाही. एवढं करूनही हँडलच्या आजूबाजूला, सिंकसमोर आणि जिथे पोट टेकतं त्या कडेवर तो आधी सुटतो. वरच्या कपाटांना किंवा माळ्याच्या दारांना, जिथे हात कमी लागतो, तिथे चालून जातं.

त्यापेक्षा सनमायकावर सनमायका चिकटवणं बरं. सुतार हे काम नेहमी करतात. जुना पृष्ठभाग खरखरीत करायचा आणि रबरी सोल्युशनने चिकटवायचं. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. त्यातलं पाणी लाकडात जिरूनच तो वाळतो, आणि दोन्हीकडे सनमायका असेल तर पाणी जाणार कुठे? दुसरी अडचण मापाची. नवीन सनमायका १ मिमी जाड असतो. तो कडांनाही लावला तर शेजारशेजारच्या दोन दारांतली दोन-तीन मिलिमीटरची फट भरून जाते आणि दारं एकमेकांना घासतात. म्हणून आधी कडांचा जुना सनमायका काढायला सांगा. तिसरं, नवा थर फक्त बाहेरच्या बाजूला लावला तर पातळ दार हळूहळू बाक धरू शकतं. उंच दारांना हे जास्त होतं.

पीव्हीसी मेम्ब्रेनची दारं, म्हणजे एमडीएफवर प्लास्टिकचा पापुद्रा ओढलेली, गॅसजवळ सोललेली दिसतात. त्या पापुद्र्यावर रंग मारू नका. हीट गनने तो पूर्ण काढता येतो. खालचा एमडीएफ कोरडा आणि सपाट निघाला तर त्यावर प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग छान बसतो. फुगलेला निघाला तर दार टाकायचं.

रंगवायचं ठरलं तर

ऋतू आधी बघा. पावसाळ्यात हे काम काढू नका, कोकणात तर नकोच. दमट हवेत ऑइल पेंट वाळायला दुप्पट वेळ घेतो, आणि लॅकरवर, म्हणजे रंगारी ज्याला डुको म्हणतात त्यावर, पांढुरकी धूसर साय येते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

रंग कुठला? तीन पर्याय आहेत. ऑइल पेंट स्वस्त आणि ब्रशने घरीच मारता येणारा, पण पांढरा घेतला तर किचनच्या उष्णतेत आणि बंद कपाटाच्या अंधारात पिवळा पडतो. पाण्यातला इनॅमल पिवळा पडत नाही, वास कमी, लवकर वाळतो. घरच्या घरी करणाऱ्यांनी हाच घ्यावा. दोन भागांचा पीयू सगळ्यात कडक आणि धुता येणारा, पण तो स्प्रेने मारायचा असतो. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासाला घातक असतात आणि थिनरची वाफ पेट घेते. फ्लॅटच्या हॉलमध्ये, शेजारी गॅस चालू असताना पीयू मारायला तयार होणाऱ्या माणसाला परत पाठवा. दारं काढून त्याच्या वर्कशॉपमध्ये न्यायला सांगा.

दारांवर आधीचा ऑइल पेंट असेल आणि तो जुना असेल तर एक खबरदारी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. अशा दारांना कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया घरात असतील तर हे काम घराबाहेरच करा.

आता काम. दारं उतरवताना प्रत्येकाला नंबर द्या आणि तो नंबर टेपवर लिहून बिजागरीच्या वाटीच्या भोकात चिकटवा. तिथे रंग जात नाही, त्यामुळे शेवटपर्यंत नंबर वाचता येतो. सारखी दिसणारी दारं एक-दोन मिलिमीटरने वेगळी असतात. अदलाबदल झाली की बसवताना दिवस जातो.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळा टिकाऊपणा त्यातच आहे: चिकटा काढणं. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा मेणचट थर चिमणीजवळच्या दारांवर बोटाला लागतो. गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने, मग पुन्हा एकदा सगळं. पाणी दारावर थेंबाथेंबांनी न थांबता सरळ पसरलं की तेल गेलं असं समजा. चिकट्यावरच पॉलिश पेपर मारला तर तेल लाकडात आणखी घासलं जातं. रंगाचे पोपडे निघतात त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथे असतं. दारं पाण्यात भिजवू मात्र नका.

पूर्ण वाळल्यावर १२० नंबरने, आधीचा रंग चांगला असेल तर १८० ने घासा. वुड प्रायमरचा एक हात. मग जुन्या हँडलची भोकं, टवके लांबीने, म्हणजे भोकं बुजवायच्या लगद्याने, भरा. इथे भिंतीची पांढरी पुट्टी वापरू नका, ती सिमेंटची असते आणि हलत्या लाकडावर तडकते. लाकडासाठीची लांबी किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी घ्या. नवीन हँडलची भोकं वेगळ्या अंतरावर असतील तर जुनी याच वेळी बुजवा. २२० ने सपाट करा, प्रायमरचा दुसरा हात, ३२० ने हलकंसं घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा.

रंगाचे दोन पातळ हात. सपाट भागाला चार इंची फोमचा रोलर, नक्षीच्या खाचांना ब्रश. दार आडवं ठेवा, उभ्या दारावर ओघळ येतात. आधी मागची बाजू रंगवा म्हणजे चुका तिकडे होतील. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. बॉक्सचा आतला भाग, जिथे भांडी ठेवता, तो रंगवायची गरज नसते. दिसणाऱ्या कडा आणि बाजू पुरे.

वाळणं आणि कडक होणं यात फरक आहे. ऑइल पेंट दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. दारं तीन-चार दिवसांनी बसवा, आणि पहिला महिनाभर घासून धुऊ नका, दारांवर ओलं फडकं किंवा टॉवेल लटकवू नका. दार आणि बॉक्स टेकतात तिथे रबराच्या छोट्या टिकल्या लावा, नाहीतर ताजा रंग चिकटून निघतो. जवसाच्या तेलाचं पॉलिश वापरलं असेल तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका; ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

फक्त दारं बदलताना

सनमायकाची दारं करायची तर प्लाय घ्या. पीयू करायचा तर एचडीएचएमआर किंवा चांगला एमडीएफ, कारण प्लायच्या रेषा चकचकीत रंगातून दिसत राहतात. सिंकजवळ मात्र प्लायच, आणि तो आयएस ७१० या मानकाचा, ज्याला बाजारात मरीन किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) म्हणतात. शीटवर आयएसआयच्या खुणेसोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून बघा. '७१०' असा नुसता छाप मारलेला माल बाजारात मिळतो, त्याला अर्थ नाही. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे वरच्या हिशोबातल्या किचनला दोन शीट लागतील. सुताराने चार सांगितल्या तर कुठे कुठे वापरणार ते विचारा.

दाराच्या चारही कडा बंद झाल्याच पाहिजेत, खालची सुद्धा. खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून उघडी ठेवली जाते आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. वाकून, हात फिरवून तपासा.

बिजागऱ्या नवीन घ्या, पण जुनीच्या प्रकारच्या: दार बॉक्सची कड पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं की आत बसतं, यावर ० क्रँक, ८ क्रँक किंवा १६ क्रँक, म्हणजे बिजागरीचा बाक किती हवा, ते ठरतं. जुनी बिजागरी खिशात घालून दुकानात जा. ट्रॉल्यांचे चॅनेल याच वेळी बदला. लांबी आधी मोजा, सहसा १८, २० किंवा २२ इंच असते. स्टीलच्या ट्रॉल्या चांगल्या असतील तर त्या ठेवा.

कडाप्प्याच्या किचनमध्ये लाकडी चौकट खालून कुजलेली असते. ती बदलताना अॅल्युमिनियमचा सेक्शन घ्या. डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेले बोर्डही सुचवले जातील: ते पाण्याने फुगत नाहीत, वाळवी खात नाही, पण स्क्रूची पकड प्लायपेक्षा कमी आणि शेगडीच्या उष्णतेजवळ ते मऊ पडतात. सिंकखाली वापरा, गॅसजवळ नको.

पूर्ण बदलायचं असेल तर

जुने बॉक्स उपटण्याआधी ग्रॅनाइट कशावर टेकलाय ते बघा. काही ठिकाणी तो कडाप्प्यावर किंवा विटांवर स्वतंत्र असतो, काही ठिकाणी थेट बॉक्सवर. दुसरा प्रकार असेल तर बॉक्स काढताक्षणी दगड तडकू शकतो किंवा खाली येऊ शकतो. टेकू लावल्याशिवाय एकही बॉक्स हलवू देऊ नका.

नवीन बॉक्स जमिनीवर टेकवू नका, १०० मिमी उंचीच्या पीव्हीसी पायांवर ठेवा आणि पुढे काढता येणारं स्कर्टिंग लावा. फरशी धुतली तरी लाकडाला पाणी लागत नाही. कोटेशनमध्ये बॉक्सचा माल, दाराचा माल, मागच्या फळीची जाडी आणि बिजागऱ्यांचा ब्रँड वेगवेगळा लिहून घ्या. 'वॉटरप्रूफ मटेरियल' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. वायरिंग आणि प्लंबिंग आधी संपवा, गळती तपासायला आठवडा ठेवा, मग बॉक्स.

सोसायटीत कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राडारोडा कुठे टाकायचा हे आधीच विचारून ठेवा, अनामत रक्कम मागतात ती परत मिळायच्या अटीही. काढलेले वरचे बॉक्स चांगले असतील तर ड्राय बाल्कनीत लावता येतात. स्टीलच्या ट्रॉल्या भंगारवाल्याकडे वजनावर जातात, त्यामुळे 'जुनं सामान आम्ही नेऊ' असं ठेकेदार म्हणाला तर ते फुकटात देऊ नका, बिलातून वजा करून घ्या.